पेवावरचा घट

परतीचा पाऊस आला की आमच्याकडची माणसं शेताकडे बघतात. सोयाबीन कापून पडलेलं असतं, गंजीला ताडपत्री पुरत नाही, मळणीयंत्रवाला फोन उचलत नाही. मी मात्र भिंतीकडे बघते. आधी माझ्या, मग जावेच्या. माझ्या भिंतीला ओल आलेली असतेच. तिची वास्तपुस्त झाली की काहीतरी निमित्त काढून हायवेपलीकडे जावेच्या घरी जायचं, चहा घेता घेता कोपरे न्याहाळायचे, छताखालून हळूच नजर फिरवायची, आणि तिथे काहीच सापडलं नाही की तोंड पाडून परत यायचं. आमचे हे विचारतात, "मयतीला गेली होतीस का कुणाच्या?" मी म्हणते, "महादेवीकडे गेले होते." मग ते पुढचं विचारत नाहीत.

महादेवी ही माझी धाकटी जाऊ. दीर ट्रक चालवतो, सोलापूर-हैदराबाद, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. तिचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणून ती मला अक्का म्हणते, आणि आईशी फोनवर कानडीत बोलते. मला त्यातलं 'मने' म्हणजे घर एवढंच कळतं. तिच्या बोलण्यात 'मने' आलं की माझे कान टवकारतात. कुणाचं घर? तिचं की माझं? तिचं असेल तर कौतुक चाललंय, माझं असेल तर निंदा चाललीय, अशी माझी समजूत. दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझ्या पोटात दुखतं.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट बाईचा हेवा करणं सोपं असतं, चार बायका आपल्या बाजूने उभ्या राहतात. महादेवीचा हेवा करायचा म्हणजे एकटीनंच करावा लागतो. उमरग्यातली एकही बाई मला त्यात साथ देत नाही.

त्या वर्षी दोन्ही भावांनी घरं केली. आम्ही विकत घेतलं, त्यांनी बांधलं. आम्ही म्हणजे नोकरी-धंद्याची माणसं. मी शाळेत शिकवते, ह्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढलेलं. सासरे गेल्यावर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आमच्याकडे आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ घट आला. आमच्या घराण्याचा घट एकच. नवरात्रात तो थोरल्याच्या घरी बसतो. जिथे घट, तिथे आत्याबाई. जिथे आत्याबाई, तिथे अष्टमीला नणंदा, त्यांची पोरंबाळं, पुण्याचे चुलत पुतणे, गावाकडचे भाऊबंद. मी थोरली म्हणून हे सगळं माझ्या दारात यायचं. भाड्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची, पण मान माझा होता. घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तो मान मी जरा जास्तच मिरवला असेल.

घर बघायला गेलो ते वैशाखात. अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधायचा होता. जुन्या गावठाणातली जागा, बाजार जवळ, शाळा जवळ, दुकान हाकेच्या अंतरावर. आतून नुसतं चकचकीत. पायाखाली आरशासारखी फरशी, डोक्यावर पांढऱ्या नक्षीचं छत. घरमालक गोड बोलणारे. मुलाकडे कायमचे चाललोय म्हणून विकतोय म्हणाले. "देवासारखी माणसं मिळाली बघा," असं आम्हाला तोंडावर म्हणाले, आणि आम्ही देवासारखेच दगड होऊन ऐकत राहिलो. मागच्या खोलीत भिंतभर सागवानी कपाट होतं. ते नेत नाही म्हणाले. "वहिनींना राहू द्या, आठवण म्हणून." त्या कपाटावर माझा जीव जडला.

आम्ही काय बघितलं? गुरुजींना नेलं. त्यांनी होकायंत्र ठेवून ईशान्य कोपरा काढला, देवघर नेमकं तिथेच. दार पूर्वेला. आत्याबाईंनी देवघरात मांडी घालून वीत टाकत जागा मोजली. "घट बसंल, परडी बसंल, आन् मी बी बसंन," म्हणाल्या. झालं. आमच्याकडे एवढं जुळलं की घर पास. वैशाखातल्या उन्हात कुठल्या भिंतीला ओल दिसणार आहे? घर भर पावसात बघावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. पाऊसकाळात मुहूर्तच नसतात, त्यामुळे इकडची बहुतेक घरं उन्हातच पसंत होतात.

तिकडे दिरानं हायवेपलीकडचा माळ घेतला होता. नुसता खडक. पाया खणायला गडी आले आणि पहारी बोथट करून गेले. शेवटी ब्रेकर लावला, त्याचा खडखडाट आठवडाभर ऐकू येत होता. आम्ही हसायचो. "खडकावर काय कोंबड्या पाळणार हाय का?" असं मी ह्यांना म्हणायची. आमच्या वास्तुशांतीला महादेवी आली, चप्पल लांब काढून आत आली, वाकून फरशीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "अक्का, लई गार हाय. तोंड दिसतंय की यात." तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. हेवाच होता तो. इतकी वर्षं झाली, ते तोंड आठवलं की मला अजूनही बरं वाटतं.

मग त्यांची वास्तुशांत झाली. बाहेरून गिलावा नाही, विटा उघड्या. पुढच्या पडवीवर पत्रे. खाली शहाबादी फरशी, काळपट, खडबडीत. मी मनातल्या मनात माझं घर आठवत फिरत होते. देवघराशी आले आणि थांबले. भिंतीत देवळी काढली होती, चांगली ऐसपैस, कमानीची. देव बाजूला पाटावर आणि देवळी रिकामी.

"ही कशाला गं?" मी विचारलं.

महादेवी लाजली. "असू द्या म्हणलं अक्का. आई कवा आली आमच्याकडं, तर जागा नको का?"

आई म्हणजे तुळजापूरची. आई येणार म्हणजे घट येणार. ती देवळी परडीच्या मापाची होती हे मला बघताक्षणी कळलं. उघड्या विटांचं घर, पडवीला पत्रे, आणि माझ्या मानाची जागा मात्र आधीच मोजून ठेवलेली! त्या दिवशीचं पुरणाचं जेवण मला गोड लागलं नाही.

श्रावण-भाद्रपद कोरडेच गेले होते. घटस्थापनेच्या दिवशी शेतातून काळी माती आणली, परडीत पसरली, त्यात धान्य पेरलं, मधे घट, त्यात पाणी, वर विड्याची पानं आणि नारळ. शेजारी अखंड दिवा. वर कारळाच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ. सगळं एका पाटावर, नव्या देवघरात, आरशासारख्या फरशीवर. महादेवी हात जोडून उभी होती. माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

आणि मग पाऊस लागला.

परतीचा पाऊस तसा रागीट असतो, दुपारी गडगडतो, तासभर झोडपतो, निघून जातो. त्या वर्षी तो निघून गेलाच नाही. शेतात कापलेल्या सोयाबीनला मोड आले, आणि घरात आमच्या एकेका कौतुकाला. आधी नक्षीच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला, तो वाढत वाढत एक दिवस त्यातला तुकडा ह्यांच्या ताटात पडला. न्हाणीघराचा उतार मोरीकडे नसून भिंतीकडे होता. ओल्या हाताने दिव्याचं बटण दाबलं की झिणझिण्या यायच्या. मागच्या खोलीत कुबट वास सुटला म्हणून आम्ही ते सागवानी कपाट जोर लावून पुढे ओढलं. मागची भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी होती. कपाटाच्या मापाबरहुकूम हिरवी. मी त्या कपाटाला रोज फडक्यानं पुसत होते हो.

ह्यांनी घरमालकांना फोन लावला. ते तितकेच गोड. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुम्ही पाणी जास्त वापरत असाल."

हे सगळं मी गिळलं असतं. भिंतीला पडदा लावता येतो, छताकडे बघू नका म्हणता येत नाही पण पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवता येतं. पण दिव्याचं काय करायचं? एका सकाळी तेल घालायला गेले तर दिव्यातलं तेल एका कडेला गोळा झालेलं. मला वाटलं समईच वाकडी झाली. मग घटाकडे लक्ष गेलं. घटातलं पाणी एका बाजूनं काठोकाठ, दुसऱ्या बाजूनं बोटभर खाली. मी फरशीवर बोटं वाजवून बघितली. देवघराबाहेर ठक्क आवाज यायचा. पाटापाशी ढब् यायचा.

जमीन खचत होती. आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो.

ज्याच्या घरी घट बसत नाही त्याला यातली धास्ती कळणार नाही. एरवी फरशी खचली तर गवंडी बोलवावा, सामान हलवावं, मोकळं व्हावं. इथे देवीच ठाण मांडून बसलेली, आणि तिच्याखालची जमीन रोज केसभर खाली चाललेली. पण खरं सांगू? मला देवीच्या कोपाची भीती तेवढी नव्हती. मला भीती होती ती महादेवीच्या देवळीची. हे कळलं, की भाऊबंद एका तोंडानं म्हणणार, थोरलीच्या घरात आई स्थिर बसत नाही, न्या धाकटीकडे. तिकडे खडक आहे. तिकडे तेल हलणार नाही.

मी लपवायला लागले. पाटाभोवती रांगोळी अशी काढायची की पाट सरळ वाटावा. सोवळ्याचं नाव सांगून महादेवीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. आरतीला या, पण आत नको. आणि ह्यांच्या दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून मी पाटाच्या खचलेल्या बाजूला सारला. घट हलवला नाही, फक्त सावरला, अशी देवीची समजूत घातली. पुठ्ठा ओलीनं भिजून चपटा झाला. दुसरा सारला. तोही गेला.

पण उगवणाऱ्या धान्याला कोण आवरणार? पाणी पाझरून खालच्या बाजूला जायचं, त्यामुळे परडीत एका अंगाला कोंब दाट, हिरवेगार, वीतभर. दुसऱ्या अंगाला चार पिवळ्या काड्या. आमच्याकडे घटाच्या कोंबांवरून पुढच्या सालचं पीकपाणी सांगतात. आत्याबाई चष्मा सावरत परडीकडे बघत बसल्या. "औंदा अर्ध्या शिवारात पिकंल आन् अर्ध्यात न्हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "असं म्या तरी कदी बगितलं न्हाय गं." मी पटकन उपासाची भगर ढवळायला गेले.

त्या दिवशी मला महादेवीच्या शहाबादी फरशीचा जेवढा हेवा वाटला तेवढा कुणाच्या सोन्याचा कधी वाटला नाही. साडीचा, दागिन्याचा हेवा कार्यापुरता असतो, घरी आलं की विसरतो. घराचा हेवा उठता-बसता पायाखाली येतो. ती तिकडे भाकरी थापत असेल आणि तिची परात गोल गोल न सरकता एका जागी राहत असेल, असलंही मला सुचायचं. तिच्याकडे माठ कलत नसेल. तिचं दार पावसात फुगत नसेल, त्याला लाथ मारावी लागत नसेल. काहीच नसेल! आणि तिला ते ठाऊकही नसेल, म्हणजे फुकटच गेलं ते सुख.

एका सकाळी तिसरा पुठ्ठा घेऊन देवघरात गेले तर पाट सरळ होता. वाकून बघितलं. माझा भिजका पुठ्ठा कुणीतरी काढून टाकला होता आणि त्या जागी काळ्या दगडाची पातळ चीप बसवली होती, अगदी मापाची. घट जिथल्या तिथे. दिव्यातलं तेल सगळीकडून सारखं. ती शहाबादी फरशीची कपची होती. तसली फरशी आमच्यात एकाच घरी होती.

म्हणजे तिला कळलं होतं! आदल्या संध्याकाळी आरतीनंतर मी प्रसाद वाटत होते आणि ती "हात धुते" म्हणून आत गेली होती, ते मला तेव्हा आठवलं. मी खरं तर सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्या घराचं व्यंग तिनं बघितलं, वर तिच्याच घरच्या दगडानं झाकलं! आता ती सगळ्यांना सांगणार. फोनवर 'मने, मने' करून आईला सांगणार. मी वाट बघत राहिले. ती संध्याकाळी आली, आरती म्हणाली, परडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अक्का, उद्याच्या माळंला तरवडाची फुलं आणू का झेंडूची?"

"तरवडाची," मी म्हणाले.

एवढंच आमचं बोलणं. आजपर्यंत त्या कपचीबद्दल ती बोललेली नाही, मीही नाही.

जमीन का खचतेय ते सांगितलं शेजारच्या रुक्मिणकाकूंनी. तेही अष्टमीला, घर माणसांनी भरलेलं असताना. देवघराच्या उंबऱ्यात कुणीतरी पाय ठेवला आणि फरशीचा जोड कटकन उकलला. कलकलाट झाला. रुक्मिणकाकू पदर सावरत आल्या, डोकावल्या आणि अगदी थंडपणानं म्हणाल्या, "पेव हाय की खाली. आख्ख्या गल्लीला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायची जागा. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. जुन्या गावठाणात अशी पेवं होतीच. पुढे धान्य पोत्यात आणि गोदामात गेलं, पेवं बुजली, त्यांच्यावर घरं झाली. आमचं देवघर, गुरुजींच्या होकायंत्रानं काढलेला तो पवित्र ईशान्य कोपरा, नेमका एका पेवाच्या तोंडावर होता.

"काकू, आधी का नाही सांगितलं?" हे म्हणाले.

"आमाला कुणी इचारलं?" काकू म्हणाल्या.

आणि मग ज्याची धास्ती होती ते सुरू झालं. थोरली नणंद म्हणाली, हा अपशकुन आहे. पुतण्या म्हणाला, ताबडतोब हलवा, दिवा कलंडला तर आग लागेल. भाऊबंद म्हणाले, हलवायचा नसतो, पण दसरा झाला की पुढच्या सालापासून घट महादेवीकडे, तिचं घर खडकावर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. घर फसवं निघालं तेव्हा वाईट वाटलं होतं, पण हे त्याहून वाईट होतं. मी महादेवीकडे बघितलं. ती कुणाकडेच बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. तिला घट हवा होता. इतका हवा होता की मान वर करायची तिला चोरी झाली होती.

आत्याबाई पाटापाशी बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. गलबला थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "पेवात काय ठिवत्यात?"

त्यांनी परडीच्या कडेवर बोट टेकवलं.

"दाणं ठिवत्यात. आन् घटात काय पेरत्यात? दाणंच की. आई दाण्याच्या घरावर बसलीय, त्यात अपशकुन कसला? माजी आई पेवावर दिवा लावायची. खालची जागा भरून घ्या, पक्की करा. घट हितंच बसंल."

आत्याबाईंपुढे कुणाचं चालत नाही. मी जिंकले. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही. महादेवी पुढे झाली, वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बरं झालं अक्का." आवाज स्वच्छ होता. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. तिच्या जागी मी असते तर हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नसते.

दिवाळीनंतर देवघर फोडलं. गवंड्यानं वरची चकचकीत फरशी काढली, तर खाली आणखी एक फरशी निघाली, लाल ठिपक्यांची. तीही एका बाजूला खचलेली. ती काढली, तर खाली फुटकी शहाबादी. म्हणजे हे घर जेव्हा जेव्हा खचलं, तेव्हा तेव्हा कुणीतरी वरून नवी फरशी घालून ते झाकत आलं होतं, आणि शेवटी आमच्या गळ्यात बांधून मोकळं झालं होतं. मला त्या गोड बोलणाऱ्या माणसाचाही हेवा वाटला. त्याला आम्ही सापडलो, आम्हाला कोण सापडणार होतं?

पेवाचं तोंड उघडलं तेव्हा कुबट, आंबूस वास घरभर पसरला. कुणी जवळ गेलं नाही. दोन दिवस तसंच उघडं ठेवलं. आत्याबाई लांबून बघत होत्या. "लई खाल्लंय लोकांनी ह्यातलं," म्हणाल्या. मग मुरूम आला, पाणी मारून ठोकून ठोकून भरला, वर काँक्रीट पडलं. मी शहाबादीच फरशी घालायला सांगितली. हे म्हणाले, "तुला तर चकचकीत आवडते ना?" मी म्हणाले, "पाय घसरतो."

देवघर पक्कं झालं. बाकीचं घर अजूनही पावसाळ्यात रडतं, मी त्याला पुसते. न्हाणीचा उतार फिरवला, छताची नक्षी उतरवली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे उभं असतं. घराशी माझं आता जमलंय म्हणायचं. त्याचं सगळं वाईट मला माहीत आहे आणि ते मला कुठे विकता येत नाही. घट दर वर्षी माझ्याकडे बसतो. महादेवी दर वर्षी फुलं घेऊन येते. तिची देवळी दर वर्षी रिकामी असते, आणि मी तिच्याकडे गेले की आधी भिंती बघते, मग ती देवळी बघते, आणि मला दोन्हींचं समाधान मिळत नाही. भिंतीला भेग नाही म्हणून, आणि देवळीत धुळीचा कण नाही म्हणून.

यंदा तिच्याकडे सून आली. उन्हाळ्यात लग्न झालं. नवरात्राच्या तोंडावर महादेवी आली, आत्याबाईंच्या पायाशी बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम माझ्याकडे वळली. "अक्का, रागावू नका. पोरीचं पैलं नवरात हाय. एक साल घट आमच्याकडं बसवू का?"

आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला काय इचारता? आता थोरली तू."

माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं. कारणंही तयार होती. घराण्याची रीत, पेवावरची जागा, आत्याबाईंचं वय. इतकी वर्षं महादेवी ती रिकामी देवळी पुसत होती आणि मी तिच्या भिंतींत भेग शोधत होते. तिनं मागितलं नव्हतं कधी, म्हणून मी ठेवून घेतलं होतं. आता तिनं मागितलं. मागताना तिचा हात आत्याबाईंच्या गुडघ्यावर होता आणि पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं.

"बसव," मी म्हणाले. लगेच म्हणाले, "पण माती आपल्या शेतातली मी आणणार. पेरणार मी. आणि रोज पाणी मीच घालणार."

"व्हय अक्का," ती म्हणाली. बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक तिनं सोडलं.

घट गेला, त्याच्या मागे आत्याबाई गेल्या. यंदाही पाऊस आहे. माझं देवघर कोरडं, पक्कं, सरळ आणि रिकामं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तिथे तांब्याभर पाणी फरशीवर ओतून बघितलं; ते सगळीकडे सारखं पसरलं. इतकं चांगलं देवघर आणि आत कुणी नाही, याचा संताप आला. हे दुकानातून आले, मला फरशी पुसताना बघितलं आणि हात-पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. महादेवीची सून नवी आहे, तिचं पाणी घालून व्हायच्या आत आपण पोचायचं, असा माझा हिशेब. छत्री घेऊन हायवे ओलांडला, ट्रकांचं पाणी अंगावर घेतलं. अजून उजाडलंही नव्हतं. मनात म्हटलं, आज तरी हिला उठवणार मीच.

तिच्या घरात दिवा होता. मी कडीला हात लावायच्या आतच दार उघडलं. महादेवी न्हाऊन, केस बांधून उभी होती. मागे सून, तीही न्हालेली. देवळीपुढे पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर झाकण, कुणी हात न लावलेला.

"या अक्का," ती म्हणाली. "पाणी घाला. आमी थांबलोय. मंग चहा ठिवलाय तुमचा, आलं घालून."

मी घटाला पाणी घातलं. मग तिच्या त्या सरळ फरशीवर भिंतीला टेकून बसले. मी येणार हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि त्यासाठी ती माझ्याही आधी उठली होती. याचाही मला मनापासून राग आला. चहा मात्र माझ्या घरच्यापेक्षा चांगला झाला होता.